अक्षरबाईंचा ताठ अर्धा तास

माझ्या आईचं खरं नाव बाजारात फारसं कुणाला ठाऊक नाही. सगळे तिला अक्षरबाई म्हणतात. न्हाव्याच्या दुकानापासून वकिलाच्या कचेरीपर्यंत आमच्या रस्त्यावरच्या निम्म्याअधिक पाट्या तिच्या हातच्या. हल्ली पाट्या कॉम्प्युटरवर कापून निघतात, आणि ते काम आमच्याच दुकानात मी करते. पण ज्याला पाटी टिकायला हवी असते, तो अजूनही मला ओलांडून थेट मागच्या खोलीत आईकडे जातो. मला त्याचा राग येत नाही. उलट गिऱ्हाइकाला आत पाठवताना माझीच मान वर होते.

मागच्या खोलीत आई पाटी फरशीवर आडवी टाकून रंगवायची. कधी उकिडवी बसून, कधी गुडघ्यांवर, आणि बारीक अक्षर असलं की सरळ पालथी पडून. बाबा होते तेव्हा म्हणायचे, "तुझी आई रंगवते की पोहते, तेच मला कळत नाही."

एकदा रंगाचा डबा काढताना ती बुटक्या स्टुलावरून घसरली. पडणं ते केवढं, पण डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरबाईंनी प्लास्टर घातलं, हाडांची तपासणी करून घेतली आणि रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काकू, हाडं ठिसूळ झालीत. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं."

"ठिसूळ?" आईला हा शब्द शिवीसारखा लागला. "ह्या हाडांनी जन्मभर शिड्या चढल्यात, डॉक्टरबाई."

"म्हणूनच ती जपायचीत," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली. कशी घ्यायची तेही त्यांनी नीट समजावलं. पण त्या वेळी मी बाहेर पैसे भरत होते, आणि आईचं सगळं लक्ष प्लास्टरमधून बोटं हलतात की नाही, ब्रश धरता येईल की नाही याकडे होतं. औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद तर तिनं घरी आल्याआल्या ब्रश पुसायला घेतला.

त्याच सुमारास वाचनालयाचं काम आलं. वाचनालयाला नवी इमारत मिळाली होती, आणि ग्रंथपाल स्वतः दुकानात येऊन म्हणाले, "दर्शनी भिंतीवर नाव हातानंच रंगवलेलं हवंय. तुमच्याच हातचं." मनगट सुटं झालं की सुरू करते, असा शब्द आईनं दिला. त्या दिवशी तिचा चेहरा बघायला हवा होता.

प्लास्टर निघालं, पण आईचं जेवण कमी होत चाललं. पोळी बाजूला सरकवून ती नुसता पातळ भात खायची. एकदा पाणी पितानाही तिनं छातीवर हात दाबला, तेव्हा मी धरलंच तिला. "आई, काय होतंय? खरं सांग."

"घास अडकतो गं. छातीत आग होते. आधी वाटलं टर्पेंटाइनचा वास बाधला." मग म्हणाली, "ती हाडांची गोळी आहे ना, ती हाडांना लागायच्या आधी छातीलाच लागतेय. दोन आठवडे झाले, बंद केलीय मी."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"भिंत झाल्यावर."

मी दुकानाला कुलूप लावलं आणि तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कशाबरोबर घेत होता?"

"चहाबरोबर. सकाळी चहाशिवाय माझा घसाच उघडत नाही."

"किती चहा?"

"घोटभर. गोळी उतरण्यापुरता."

"आणि मग?"

"मग काय, कामाला. पाटीवर."

"पाटी कुठे असते?"

"फरशीवर," मी म्हणाले. "आणि ही तिच्यावर पालथी."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला, पण हसू त्यांना आवरलं नाही. "काकू, ही गोळी पोटात पोचली की गुणाची. पण अन्ननलिकेत रेंगाळली, तर आतून चटका देते. तुम्ही तिला घोटभर चहात अर्ध्या वाटेवर सोडलंत आणि वर स्वतः आडव्या झालात. ती खाली जाणार कशी?"

आईला कुणी चूक दाखवली की ती आधी गप्प होते आणि मग पूर्ण ऐकते. त्या दिवशी तिनं पूर्ण ऐकलं. गोळी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी घ्यायची. साध्या पाण्याबरोबर, पेलाभर. चहा नाही, दूध नाही, सरबत नाही. चघळायची नाही, सबंध गिळायची. नंतर अर्धा तास ताठ राहायचं. बसा, उभ्या राहा, फिरा, पण वाकायचं नाही आणि आडवं तर मुळीच व्हायचं नाही. त्यानंतरच खाणंपिणं. कॅल्शियमची गोळी दिवसा, वेगळ्या वेळी.

"गिळताना दुखत होतं म्हणून थांबवलीत, ते बरोबरच केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मला कळवलं नाहीत, हे चुकलं. आणखी दोन गोष्टी. क्वचितच होतात, पण माहीत हव्यात. मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं आलं तर अंगावर काढू नका. आणि दात काढायची वेळ आली, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. एखाद्याच्या जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो."

दुर्बिणीनं तपासल्यावर अन्ननलिकेला सूज निघाली. जखम खोल नव्हती. काही आठवडे आम्ल कमी करणारं औषध चाललं आणि आई पुन्हा पोळी खायला लागली. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "हवं तर गोळीऐवजी इंजेक्शनचा मार्ग आहे. किंवा नीट घेणार असाल, तर माझ्या देखरेखीखाली गोळी पुन्हा करून बघू. त्रास झाला की लगेच थांबायचं."

आईनं विचार केला. "गोळीचं काही चुकलं नव्हतं, घेणारीचं चुकलं होतं. गोळीच द्या."

पहिल्या रविवारी तिनं पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि खुर्चीत बसली. मी समोर पहारा देत होते. जरा वेळानं म्हणाली, "हे असं नुसतं बसणं म्हणजे शिक्षाच की गं." उठली, खोलीत येरझारा घातल्या, खिडकीतून समोरच्या दुकानाच्या पाटीला नावं ठेवली (ती पाटी मी कापलेली होती), आणि मग मागच्या खोलीत गेली. फरशीवर अर्धवट पाटी होती. आई तिच्यासमोर हात मागे बांधून उभी राहिली. वाकता येत नव्हतं.

सोमवारी तिनं सुताराला बोलावलं. "ह्या भिंतीला पट्ट्या ठोक. पाटी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली पाहिजे. वर सरकवता आली पाहिजे, खालीही."

सुतार म्हणाला, "अक्षरबाई, इतकी वर्षं फरशीवर चाललं की."

"इतकी वर्षं मला अक्कल नव्हती, असं धर."

पुढच्या रविवारी गोळी घेऊन ती उभ्या पाटीपुढे उभी राहिली आणि कोळशानं रेघा ओढायला लागली. सुरुवातीला डावा हात फळीवर टेकवताना मनगट कुरकुरायचं, उभी रेघ खाली येता येता लचकायची. ती पुसायची आणि पुन्हा ओढायची. हळूहळू रविवारचा तो अर्धा तास तिच्या सरावाचा झाला. चहा निवून जायचा तरी तिचा हात थांबत नसे. फरशीवर असताना तिला अक्षर नेहमी जवळून दिसायचं. आता एक पाऊल मागे घेऊन ती ते लांबून बघायची, रस्त्यावरचा माणूस बघेल तसं. तिची अक्षरं चांगली होतीच. आता त्यांना ऐट आली. छातीची आग पुन्हा आली नाही.

भिंतीचं काम तोंडावर आलं आणि तिची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात दिवा धरला आणि म्हणाले, "किडली आहे. आत्ता काढून टाकू, पाच मिनिटांचं काम." त्यांनी भुलीचं इंजेक्शन हातात घेतलंसुद्धा. आईनं तोंड मिटून घेतलं आणि तळहात पुढे केला. "थांबा. मी हाडं बळकट करायची गोळी घेते. आमच्या डॉक्टरबाईंनी आधी सांगायला सांगितलंय."

त्यांनी इंजेक्शन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. खरं तर मीच विचारायला हवं होतं, ते राहिलं." त्यांनी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. दोघांचं बोलणं झालं आणि दाढ वाचवायची ठरली. मूळ साफ करून वर टोपी बसवली. परत येताना मी आईकडे बघत होते. भूल घ्यायच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना, डॉक्टरला थांबवायला काय लागतं ते मला विचारा. मी तर दिवा बघूनच डोळे मिटते.

आणि मग ती भिंत. वर चढून रंगवायला बांधकामवाल्यांनी मजबूत परांची बांधून दिली होती, तरी मला वाटलं आई वर चढणारच, आणि मी भांडणाची तयारी करून गेले होते. तिनं परांचीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी पडून पुन्हा हाड मोडलं, तर गोळीनं केलेलं सगळं पाण्यात. खालची ओळ माझी. वरची तुझी."

"माझी? आई, मी कित्येक वर्षांत ब्रश धरलेला नाही."

"मग आज धर. मी खालून बघतेय."

ती खालून बघत होती, म्हणजे ओरडत होती. "वळणावर घाई नको! ब्रश ओढ, ढकलू नको! आता श्वास सोड, नाहीतर तूच खाली येशील!" वाचनालयात येणारी माणसं पुस्तकं काखेत धरून उभी राहायची आणि हसायची. माझा दंड भरून यायचा. पण अक्षर पुरं झालं की खालून आवाज यायचा, "हं." आईचं 'हं' म्हणजे काय, ते बाजाराला विचारा.

उद्घाटनाच्या दिवशी ग्रंथपालांनी पाहुण्यांना सांगितलं, "हे सगळं अक्षरबाईंचं काम."

आई गर्दीतून पुढे झाली. "खालची ओळ माझी. वरची माझ्या लेकीची. चुकीचं सांगू नका." पाहुण्यांनी मान वर करून माझी ओळ वाचली. मला कुठे बघावं ते कळेना.

पुढच्या तपासणीत हाडांची झीज थांबली होती, कमरेकडे थोडी सुधारणाही होती. डॉक्टरबाई खूश होत्या. "असंच चालू राहिलं, तर काही वर्षांनी तपासून औषधाला सुट्टी देता येईल. पण ते मी ठरवीन, तुम्ही नाही."

"तुम्हीच ठरवा," आई म्हणाली. "औषधाला खुशाल सुट्टी द्या. फक्त मला देऊ नका. दवाखान्याच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यानं पाटी सांगितलीय, आणि त्याला उभी अक्षरं हवीत."