पोटात घ्यायचं, बाहेरून लावायचं

शिशीच्या तळाशी पाकाचा एक थेंब, थेंबात अख्खी खिडकी.

तिरपं तासलेलं बोरूचं टोक.

करी रोडच्या भिंतीवर दोन काळे शब्द: झालाच पाहिजे.

खोकल्याचं औषध तांबडं. गुडघ्याला चोळायचंही तांबडं.

हवालदाराच्या बगलेत कागदाची सुरळी.

गिरगावची राजलक्ष्मी लालबागेत औषधांचं दुकान चालवते, हे पहिल्या वर्षी लोक नुसतं बघून जात. बाईमाणूस मिक्श्चर ढवळते म्हणून. मग घेऊ लागले. बाटलीवरची चिठ्ठी ती बोरूने लिही, काचेवर पाखरू बसावं तशी. आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तिची एक रीत होती: पोटात घ्यायच्या औषधाची अक्षरं गोल, फुगीर, बाहेरून लावायच्याची उभी, लांब शेपट्यांची. त्या शेपट्या सगळी वस्ती ओळखे. छप्पन साली तिने करी रोडच्या भिंतीवरचं संयुक्त महाराष्ट्राचं पोस्टर रंगवलं, तेव्हा हात आवरला नाही. तिथेही शेपट्या आल्या.

पोलीस त्या अक्षराचा हात शोधत होते, म्हणून पंधरा दिवस ती चिठ्ठ्या पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या खरडत होती. आपलं अक्षर तिने जणू पाण्याखाली ठेवलं होतं. काम करता करता ते तळाशी हलताना दिसे.

दुपारी हवालदाराने भिंतीवरून सोललेलं पोस्टर काउंटरवर पसरलं आणि चार ओळी लिहून मागितल्या. जुळलं तर लायसन जाईल, हेही सांगितलं. हळूच सांगितलं, कारण त्याच्या मुलीचा कफ इथल्याच औषधाने सुटला होता.

तिने पेन्सिल उचलली. तेवढ्यात मागच्या चाळीतली जाईबाई दोन्ही तांबड्या बाटल्या पदरात घेऊन आली.

"बाय, ह्यातली पिऊची खयची? ह्यां अक्षर तुजां न्हय."

"माझंच आहे, जाईबाई. घाईत लिहिलं."

"सकाळी चोळूचा तोंडाक लावलंय. वास इलो म्हणान थुकलंय."

राजलक्ष्मीने पेन्सिल खाली ठेवली. खणातून बोरू काढला, शाईत बुडवला. पहिल्या बाटलीवर गोल अक्षरं फुगत गेली. दुसरीवर एकेक शेपूट खाली ओढताना तिला वाटलं, दुकान जमिनीपासून सुटलंय, फळ्यांवरच्या बरण्या संथ डोलताहेत आणि कुणालाच कुठे जायचं नाही. हवालदार पोस्टरकडे बघत नव्हता. बोरूकडे बघत होता.

जाईबाईने शाईवर फुंकर घातली, दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. "आता कळता," म्हणाली आणि गेली.

हवालदाराने पोस्टरची घडी घातली. "पेन्सिलीने लिहिलं असतंत तर मी तेच नेलं असतं, बाई."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि त्याने मागितलेल्या चार ओळीही बोरूनेच लिहायला घेतल्या.

त्यानंतर दुकान सहा महिने सीलबंद होतं.

ते लायसन तिला त्रेपन्न साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. छापील फॉर्मवर फक्त 'मिस्टर' होतं, ते खोडून कारकुनाने वर 'मिस' लिहिलं होतं.