दोन दारांमधली शिंक

मामांच्या घराण्यात शिंक ही वडिलोपार्जित इस्टेट होती. आजोबा शिंकले की शेजारच्या घरातला पाळणा आपोआप हलू लागे. वडील एकदा न्हाव्याच्या खुर्चीत शिंकले, तेव्हापासून त्या न्हाव्याला मिशी नव्हती. खोटं वाटत असेल तर न्हाव्याला विचारा. तो कबूल करणार नाही, पण मिशी नाही हे खरं.

अशा घराण्यातल्या मामांना उंदीरघरात नोकरी मिळाली, इथेच माशी शिंकली.

उंदीरघर म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात आतली खोली. तिथले पांढरे उंदीर जन्मतःच दुबळे. आपण नाकात जे जंतू फुकट पोसतो, ते त्यांच्या जिवावर उठत. निम्म्यांना ई जीवनसत्त्वाचे थेंब द्यायचे, निम्म्यांना नुसतं तेल, आणि कोणाला बळ येतं ते बघायचं. निळ्या बाटलीत काय नि पिवळीत काय, हे प्रयोग संपेपर्यंत कोणालाच कळायचं नव्हतं. प्रयोग भाचीचा, थेंब पाजायचे मामांनी.

नाक चुरचुरत असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. त्या सकाळी मामांचं नाक चुरचुरत होतं. पण बदलीच्या माणसाला उंदीर कडकडून चावत आणि थेंब थुंकून टाकत. एक खाडा झाला की पोरीची मेहनत पाण्यात. मामांनी मूग गिळले, आंघोळ केली, झगा चढवला आणि आत शिरले.

शेवटचा थेंब पाजला आणि वीज गेली. हवेचा पंखा धापा टाकत थांबला.

बाहेर पडायला दोन दारं आणि मध्ये कपाटाएवढी खोली. आतलं दार ढकललं की उघडे आणि आपल्यामागे घट्ट बसे. बाहेरचं मात्र विजेशिवाय हलत नसे.

"मामा, आहात तिथेच थांबा," काचेपलीकडून भाची भिंतीवरच्या फोनवर म्हणाली. "मधल्या खोलीत जाऊ नका. अडकाल."

सांगायची गरज नव्हती. लहानपणी भावंडांनी धान्याच्या कोठीत कोंडल्यापासून मामा न्हाणीघराचं दारही किलकिलं ठेवत, आणि घरची मंडळी त्या दिशेला पाठ करून बसत.

तेवढ्यात नाकाच्या मुळाशी मुंगी चालली. मग मुंगीचं वऱ्हाड.

"पोरी, एक विचारू? जीवनसत्त्व प्यालेल्यांवर कोणी शिंकलं, तर ते वाचतील?"

"मामा, तुम्हाला सर्दी झालीय?"

"झालीय म्हणजे... येऊ घातलीय."

"अहो, थोडं बळ येतही असेल त्यांना. चिलखत नाही येत अंगावर! नाक चिमटीत धरा."

"धरलंय. आता कानांतून निघेल बहुतेक."

"मास्क आहे ना?"

"आमच्या शिंकेपुढे मास्क म्हणजे वादळात छत्री, बाई."

हवा जड होत होती. पिंजऱ्याच्या तारांशी आत्याबाई आली. ही तुटक्या कानाची उंदरीण. थेंब पिऊन झाला की नाक मुरडायची, म्हणून आत्याबाई. तिने पुढचे दोन पाय तारेवर ठेवले आणि मामांकडे पाहिलं. तिच्या मागे पिंजऱ्यांच्या रांगा, आणि प्रत्येकात तीच लुकलुक.

"सटवे, बघतेस काय," मामा पुटपुटले. त्यांनी दोन्ही हातांनी नाक आवळलं, खांद्याने दार ढकललं आणि त्या कपाटात शिरले. मागे दार बसलं. खट्.

मग सात पिढ्या एकदम शिंकल्या. भिंती फुगल्या म्हणे, छताचा गिलावा चष्म्यावर आला. पण दार दारच राहिलं.

मिट्ट काळोख. पाठीला एक भिंत, गुडघ्यांना दुसरी. कोठीतला जुना श्वास छातीत दाटला.

बाहेरच्या दारावर टकटक झाली. "मामा? आतलं दार लागलंय ना?"

"लागलंय. उघडून बघू का?"

"खबरदार!" मग हळूच, "भीती वाटतेय?"

"छे. घाम आवडीने गाळतोय." त्यांच्या हाताला खिशातल्या दोन बाटल्या लागल्या. "निळी की पिवळी गं? माझ्यासाठी विचारतोय."

"मलाही माहीत नाही, मामा."

मामांनी दोन्हींचा एकेक थेंब जिभेवर घेतला. चवीला दोन्ही तेलच. ते दाराला टेकून बसले. पलीकडे कोणीतरी तितकंच टेकून बसल्याचा आवाज आला. वीज अजून आली नव्हती, आणि नाकात पुन्हा मुंगी चालू लागली होती.