सहा आठवडे मागितले होते

मी एका फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीच्या उजव्या गुडघ्यातली नवी कूर्चा बोलतेय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलंय.

माझ्या आधीची कूर्चा सव्वीस वर्षं राबली. दोन हाडांमधली ती गुळगुळीत गादी. रोज सकाळपासून त्यानं तिच्यावर सगळा भार टाकला आणि लोकांची घरं चकाचक केली. झिजून झिजून तिला भोक पडलं, तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी त्याच्या कमरेच्या हाडातला मगज काढला. त्यातल्या मूलपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्या आणि त्या भोकात बसवल्या. त्यांच्यातून मी घडू लागले. घडू लागले म्हणतेय, घडले नाही!

"सहा आठवडे या पायावर भार नाही," बाईंनी बजावलं. "नुकत्याच बसवलेल्या ओल्या फरशीवर कुणी पाय दिला तर तुम्ही काय करता?"

"तंगडी तोडतो," मिस्त्री ऐटीत म्हणाला.

चौथ्या आठवड्यात गडी कुबड्या घेऊन आपलं अर्धवट राहिलेलं काम बघायला गेला. म्हणे नुसतं बघायला! त्याच्या जागी आलेल्या मिस्त्रीनं हॉल संपवला होता. ह्यानं कुबडीचं टोक एका फरशीवर आपटलं. पोकळ वाजली. सोबतची बायको "अहो, चला आता," म्हणेपर्यंत हा खाली, उजव्या गुडघ्यावर. कान फरशीला लावून बोटांनी टकटक करत राहिला.

मला नसा नाहीत, त्यामुळे मला ओरडता येत नाही. मी फाटत होते आणि हा बायकोला सांगत होता, "बघ, खाली सिमेंटचा माल नीट भरलाच नाही." परक्याच्या फरशीखालची पोकळी ह्याला बरोबर कळली. मेला!

दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगला. डॉक्टरबाईंनी एमआरआय काढला. "निम्मी सुटलीय."

"पुन्हा करता येईल ना?" बायकोनं विचारलं.

"ही उरलेली टिकली तर पुढचं बोलू. नाहीतर काठीशिवाय चालणं विसरा."

"सवयीनं झालं हो," तो पुटपुटला. सवयीनं! माझा जीव गेला आणि ह्याची सवय झाली.

काल ह्यांच्याच घरच्या न्हाणीघरातली फरशी उखडली. बायकोनं ह्याला हात लावू न देता ओळखीच्या एका मिस्त्रीला बोलावलं. हा दारात खुर्ची टाकून फुरंगटून बसला. तो मिस्त्री थेट सिमेंटवर गुडघे टेकून कामाला लागला. मला ह्याच्या मांडीचा ताण जाणवला. हा उठणार, हा खाली बसणार, म्हणून मी हाडाला घट्ट धरून राहिले.

हा अर्धवट उठलाही. पण बुडाखालची उशी ओढून त्यानं ती आत फेकली.

"गुडघ्याखाली घे ती."

"राहू द्या दादा, मला काही होत नाही."

"होत नाही, तेच तर वाईट असतं! घे म्हणतो ना!"

पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूनं भांडलं. पण मिस्त्री, मी आता निम्मीच उरलेय. उगाच उभा राहू नकोस. बस त्या खुर्चीत.