पेगीनचं डोकं

चर्चची बाराची घंटा वाजली तेव्हा कोल्मन टब्रिडी अंगणात येऊन उभा होता. डिम्प्ना हेहिरने त्याला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. दुपारची प्रार्थना तिने बावन्न वर्षांत एकदाही चुकवली नव्हती. आज ती तिने जरा सावकाशच म्हटली. चकचकीत बुटांचा माणूस चिखलात ताटकळत असला की देवाजवळ घाई करू नये.

"ये आत. बूट पूस."

कोल्मन हा गावच्या संगीत महोत्सवाचा अध्यक्ष. लहानपणी याच स्वयंपाकघरात तो तिच्याकडे कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी पेटी, शिकायला येई. चौथ्याच महिन्यात तिने त्याच्या आईला सांगितलं होतं, याला गुरांमागे धाड, गुरं ऐकून घेतील. ब्रॅन कुत्र्याने त्याचा वास घेतला आणि शिंकून बाजूला झाला.

"नवं सभागृह बघितलंत ना, डिम्प्नाबाई? केल्टिक संगीताचं माहेरघर!"

"कसलं संगीत?"

"केल्टिक."

"असं होय. माझे बाबा त्याला नुसतं वाजवणं म्हणायचे."

कोल्मन हसला. हसायचं नसतं तिथे हसायची त्याची सवय जुनीच. मग खुर्ची पुढे ओढून तो मुद्द्यावर आला. नव्या सभागृहाची जमीन बोलत नाही. नाचणाऱ्यांच्या टाचा पडतात, पण आवाज निघतो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.

त्या भागात नाचाच्या जमिनीखाली घोड्याची कवटी पुरत. टाच पडली की खालून कवटी घुमे. डिम्प्नाच्या चुलीपुढच्या मोठ्या फरशीखाली तिच्या बाबांची घोडी होती. तिथे रीलसारखी नाचाची चाल वाजू लागली की घोडी अजून दौडते आहे असं वाटे.

"तुमची पेगीन आता अठ्ठावीसची ना?" कोल्मनने अर्ध्या दाराकडे पाहिलं. पेगीन घोडी दारावरून मान आत घालून उभी होती. "दातच वय सांगतात. उद्घाटनाला तीन आठवडे आहेत. एक सुई, तिला कळणारही नाही. डोकं आम्ही साफ करून घेऊ."

डिम्प्ना चहा ओतत राहिली.

"आणि दारावर सोनेरी अक्षरांत नाव. सायमन हेहिर सभागृह."

किटली हवेतच थांबली. चाळीस वर्षं बाबांनी लोकांच्या लग्नांत आणि मयतीत वाजवलं. त्यांच्या चाली आता रेडिओवर भलत्याच्याच नावाने लागत. कबरीवरचा लाकडी क्रूससुद्धा कुजून वाकडा झाला होता. बाबांचं नाव सोन्यात! क्षणभर तिने पेगीनकडे पाहायचं टाळलं, आणि त्या टाळण्याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

"डोकं कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

"मधोमध खड्डा ठेवलाय!" कोल्मन खुलला. "बरोबर डोक्याएवढा. वरून सिमेंट ओततो गच्च. शंभर वर्षं हलायचं नाही."

डिम्प्नाने किटली खाली ठेवली. मग तिला हसू फुटलं. इतकं, की ब्रॅन उठून बसला.

"अरे, कवटी घुमते ती भोवतीच्या पोकळीने. सिमेंट ओतलंस की तो दगड. दगडासाठी माझी घोडी मारायला निघालास?"

"मग... पोकळी ठेवू."

"बाबांनी त्या घोडीसाठी नऊ वर्षं वाट पाहिली. मुक्या जमिनीवर वाजवलं. रोज सकाळी तिला ओट घातले, पण एकदाही तिचे दात बघितले नाहीत. ती आपल्या वेळेने गेली, मग फरशी उचलली. त्यांचं नाव तुझ्या दारावर लागलं तर ते कबरीतून उठून पुसायला येतील."

"पण डोकं तर हवंच ना?"

"पोकळ डोकंच हवं तर इतक्या लांब कशाला आलास, बाळा? मानेवर घेऊनच हिंडतोयस की."

चहा तसाच टाकून कोल्मन गेला. सभागृहाच्या दारावर पुढे सिमेंटवाल्याचं नाव लागलं. डिम्प्नाला ते अगदी योग्य वाटलं.

शनिवारी चर्चमध्ये तिने पाप कबूल केलं: शेजाऱ्याला तुच्छ लेखलं. प्रायश्चित्त म्हणून कोल्मनसाठी रोज एक प्रार्थना पदरी आली. डिम्प्ना ती नेमाने म्हणते, फक्त भराभर. मग पेगीनच्या बादलीत ओट ओतते, पेटी मांडीवर घेते आणि चुलीपुढच्या फरशीवर टाच आपटते. खालून बाबांची घोडी उत्तर देते. दारात पेगीन कान टवकारते.

दातांकडे कुणी पाहत नाही.