मोटार छाप

केशोरावांच्या विडीला गोंदियात सगळे 'मोटार छाप' म्हणत. लेबलावर त्यांच्या पहिल्या हार्लंड गाडीचं चित्र होतं. त्यानंतर त्यांनी आणखी दोन गाड्या घेतल्या, त्याही हार्लंडच. शेवटची ते वारल्यानंतर महिनाभरात कायमची बंद पडली. नवी घ्यायची म्हटल्यावर कोणती, हा प्रश्न धाकटे भाऊ बिसराम यांना पडलाच नाही. त्यांनी नागपूरच्या एजंटाला परस्पर शब्द दिला आणि वर सांगितलं, "सहीचं काय, पोरगी करून देईल."

हे शब्द केशोरावांच्या मुलीच्या, शामकलेच्या कानावर आले. केशोरावांनी कारखाना तिच्या नावावर केला होता. नागपुरात बारा वर्षं शाळेत शिकवणारी, लग्न न केलेली मुलगी विड्यांचा कारखाना कसा चालवते, हे बघायला आख्खं गाव टपलेलं होतं. पहिल्याच मोठ्या खरेदीत तिने मुकाट्याने सही केली, तर पुढे तिला फक्त सह्याच करायच्या राहतील, हे तिला कळत होतं.

एजंट गुलाबचंद काळीभोर हार्लंड घेऊन दारात आला, त्या सकाळी तिथे आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. गिरणीवाल्या दुलीचंदांची क्रेस्टन आणि एका वकिलांची मेल्टन. शामकलेने त्या दिवसापुरत्या मागून आणल्या होत्या.

"हे काय प्रदर्शन मांडलं?" बिसरामकाकांनी विचारलं.

"पाहते आहे, काकाजी. घ्यायची तर तिन्ही पाहून घेऊ."

"पाहाचं काय त्यात? आपल्या लेबलावर कोणती गाडी हाय? दुसरी घेतली तं लोक म्हणतील, बाप गेला अन् पोरीनं तंबाखूबी बदलला."

"म्हणतील. मग विडी ओढून पाहतील."

केशोरावांची एक रीत होती. दर आठवड्याला ते पाच कारखान्यांच्या विड्या आणवत, त्यांची लेबलं काढायला लावत आणि डोळे मिटून एकेक ओढत. कधीकधी दुसऱ्याची विडी सरस निघे. तसं ते कामगारांसमोर मोठ्याने सांगत आणि दुसऱ्या दिवशी मिश्रण सुधारायला बसत. बिसरामकाका त्या वेळी कुठेतरी कामाला निघून जात.

गाड्यांचीही तशीच परीक्षा घ्यायची, असं शामकलेने ठरवलं होतं. परीक्षा करणार होती तिची आई, सुलोचनाबाई. गाडीत जास्त तीच बसणार होती आणि पाठीचं दुखणंही तिचंच होतं. रस्ता तिन्ही गाड्यांना तोच, जवळच्या नागरा गावचा, खड्ड्यांनी भरलेला. चालवणाराही तोच, जुना ड्रायव्हर सुकराम.

"वैनी वर्षभर उंबरठ्याबाहेर जात नाही," बिसरामकाका म्हणाले. "भाऊले जाऊन तीन महिने नाही झाले अजून."

"माझी पाठ वर्षभर थांबत नाही, भाऊजी," सुलोचनाबाई म्हणाली. पदर डोळ्यांवर ओढून तिने लेकीचा हात धरला. "कोणत्या गाडीत बसवतं ते सांगू नको मले."

पहिल्या गाडीत बसताच तिचा हात डावीकडे गेला. त्या बाजूला केशोराव बसत. गाडी नागऱ्याच्या देवळापर्यंत जाऊन परत आली तरी तो हात तिथून हलला नाही.

"हे तुझ्या बापाची," ती म्हणाली. "वासानंच समजलं."

कातड्याच्या त्याच वासात शामकला लहानपणी कितीदा वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. आत्ता कोणी तिला विचारलं असतं तर तिने हार्लंडच घेतली असती. काकांना जे हवं तेच आपल्यालाही हवं आहे, हे कळून ती क्षणभर चकित झाली.

"झालं मग," बिसरामकाका म्हणाले. "गुलाबचंदजी, कागज काढा."

"झालं नाही," शामकला म्हणाली. "बाबाही आपली विडी वासावरून ओळखत. ओळखूनही दुसरीला चांगली म्हणत. माय, दुसऱ्या गाडीत चल."

दुसरी मेल्टन. त्यात आईचे गुडघे पुढच्या सीटला लागले. तिसरी गाडी अर्ध्या रस्त्यावर गेली तरी आई काही बोलेना. शामकलेने वाकून पाहिलं, तर पदराखाली तिचा डोळा लागला होता.

घरापाशी तिला जागं केलं. "पोचलो? मले वाटलं अजून निघालोच नाही."

ती क्रेस्टन होती. शामकला स्वतः पुन्हा एकदा हार्लंडमध्ये बसून आली आणि मग क्रेस्टनमध्ये. वास बाजूला ठेवून तिने फक्त खड्डे मोजले. हार्लंडने प्रत्येक खड्डा कमरेला कळवला. क्रेस्टनने बरेचसे गिळून टाकले.

"वैनी, भाऊची गाडी टाकून देता तुम्ही?" बिसरामकाकांचा आवाज कापरा झाला होता. शामकलेच्या ध्यानात आलं, त्यांनाही भाऊच हवा आहे. पण त्यासाठी आईच्या पाठीने धक्के का खायचे?

"तुमचे भाऊ गाडीत बसले की घोरत," सुलोचनाबाई म्हणाली. "तीस वर्षांत माझ्या पाठीले कोणी विचारलं नव्हतं. आज पोरीनं विचारलं."

गुलाबचंद कागद पुढे करून उभा होता. "बहनजी, बिसरामजीने जबान दी है. माल यहाँ तक आ गया."

"जबान काकाजींनी दिली," शामकला म्हणाली. "गाडी मी घेणार आहे. तुमची गाडी चांगली आहे, पण आम्हाला क्रेस्टन हवी. ही परत न्या. येण्याजाण्याचा खर्च कारखाना देईल."

"मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही," बिसरामकाका म्हणाले.

"तुमची मर्जी. पण लेबल तसंच राहील, काकाजी. त्याच्यावर बाबांची गाडी आहे, ती कोणी काढणार नाही."

बिसरामकाका पायीच बाजाराकडे निघाले. शामकलेने गुलाबचंदाचा कागद न उघडता परत दिला आणि नागपूरला क्रेस्टनवाल्यांकडे तार करायला ती पोस्टात निघाली. आई अजून दुलीचंदांच्या गाडीतच बसून होती.

"उतर, माय. गाडी परत द्यायची आहे."

"दे ना मग. पोस्टावरून जाताजाता दे," सुलोचनाबाई म्हणाली आणि तिने डोळ्यांवरचा पदर मागे सारला. "मी येऊन राहिली तुझ्यासंग."