चौथं प्रथिन

सत्त्याण्णव सालच्या गळीत हंगामात आम्रपाली सांगलीतल्या विश्रामबागेच्या प्रयोगशाळेतून दोन बाटल्या घेऊन साताऱ्याकडच्या एका साखर कारखान्यावर आली. दोन्हींत उसाचं चिपाड आणि ते पचवणारी तीन एन्झाइमं होती. एकीत मात्र तिनं घडवलेलं एक लांबट प्रथिनही होतं. तिन्ही एन्झाइमं त्याला आपसूक येऊन चिकटत. त्या बाटलीतल्या चिपाडाचं गोड पाणी झालं होतं. दुसरीतलं जवळपास होतं तसंच होतं.

"हे चौथं काय काम करतं?" चेअरमननी विचारलं.

"स्वतः काहीच नाही. बाकीच्या तिघांना शेजारी शेजारी धरून ठेवतं."

"म्हणजे फुकटखाऊ! काढून टाका. कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या वाटणारी माणसं आमी यंदा अशीच काढली. नुसती सायकलवर हिंडायची."

आम्रपालीच्या कपाळावर आठी पडली. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. सकाळी उसाची एकही गाडी फिरकली नव्हती आणि आता सगळ्या एकदम येऊन पार हमरस्त्यापर्यंत खोळंबल्या होत्या. ऊस उन्हात वाळत होता.

तिनं दुसरी बाटली त्यांच्यापुढं सरकवली.

"काढून बघितलंय, साहेब. ही घ्या."