चिंबूचं बीळ

"जगनशेठ, माझा चिंबू शिजवलात की हो तुम्ही!"

पेणच्या रामवाडीतल्या छापखान्यात मुसा मौलवींनी आपल्या नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दिव्याखाली धरलं आणि कपाळाला हात लावला. चित्रकार निकेशने चिंबोरी, खाडीतला खेकडा, लालभडक रंगवली होती. निकेशची सगळी हयात पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे रेखण्यात गेलेली, त्यामुळे या चिंबोरीचेही डोळे पाणीदार झाले होते. पण बिचाऱ्याने जन्मात चिंबोरी पाहिली ती कालवणातच.

"खाडीतली जिती चिंबोरी हिरवट असते, चिखलासारखी. लाल झाली म्हणजे संपली ना ती!"

"लाल खपतंय मौलवीसाब," जगनशेठ म्हणाला. लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं छापणारा हा गडी मौलवींची पुस्तकंही छापायचा, आणि जत्रांपासून शाळांपर्यंत विकायचा. "रंगाचं सोडा. शेवटाचं बोला. चिंबू दर्यात गेला, संपलं, असं कुठं असतं व्हय? मग पुढचं पुस्तक मी कशाचं काढू, तुमच्या टोपीचं?"

मौलवी हसले नाहीत. याच शेवटासाठी ते पहाटेची नमाज आटोपून, रोह्याहून पहिली एसटी धरून आले होते.

चिंबू जन्मला तो त्यांच्या लेकीसाठी. सफा लहानपणी पाय मोडून प्लास्टरात पडली होती, रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. तेव्हा तिला सांगितलेली ही तिरकं चालणाऱ्या चिंबोरीची गोष्ट. ती कुणीतरी छापली, पोरांनी डोक्यावर घेतली, आणि मौलवी अडकले. त्यांनी गलबताची गोष्ट लिहिली, आंधळ्या बगळ्याची लिहिली. जगनशेठने दोन्ही न वाचता परत केल्या. "चिंबू आणा," एवढंच.

मशिदीचंही तसंच. 'दुसरा माणूस मिळेपर्यंत सांभाळा' म्हणून जमातीने त्यांना इमाम केलं, तेव्हा दाढी काळी होती. बदली उभा केल्याशिवाय इमामाने गाव सोडायचं नाही हा मोहल्ल्याचा रिवाज, आणि बदली कुठून आणणार? तरणी पोरं सगळी आखातात. लोक आपले प्रेमाने म्हणत, "तुमच्याबिगर नाय चालायचं, मौलवीसाब." त्या प्रेमाचा त्यांना हल्ली गळफास वाटे. दोन नमाजांच्या मधे जेवढं जाऊन येता येईल, तेवढंच त्यांचं जग.

म्हणून तर या खेपेला त्यांनी चिंबूला सोडवलं होतं. चिंबू जुनं कवच टाकतो, नव्या कवचात मोठा होतो, आणि ओहोटीबरोबर खाडी सोडून दर्याला लागतो. लिहिताना म्हातारा एकटाच रडला होता.

"नाय बदलणार," मौलवी म्हणाले. "एवढं एक माझं राहू द्या."

"मग बसा. निवांत बोलू, चहा मागवतो. पण निकाल लागल्याबिगर मशीन सुरू नाय करायचो."

मौलवींचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. आता निघालं नाही तर दुपारची, जोहरची नमाज चुकणार. सगळा मोहल्ला हातपाय धुऊन, वजू करून बसलेला, आणि पुढची जागा रिकामी! त्यांनी चहा नको म्हटलं, टेबलावरचं पेन उचललं आणि उभ्या उभ्याच चार ओळी खरडल्या. चिंबूला दर्या दिसतो, पण घरची आठवण येते आणि तो आपल्या बिळात परत येतो. कागद ढकलून ते स्टँडकडे अक्षरशः पळत सुटले.

एवढं करून रोह्याअलीकडे निडीजवळ ट्रेलर आडवा झाला. एसटी तिथेच रखडली. मौलवी खिडकीत बसून तडफडत राहिले.

ते मशिदीच्या पायरीशी पोचले तेव्हा लोक चपला घालून बाहेर पडत होते.

"झाली नमाज? पढवली कोणी?"

"मी, मौलवीसाब." कतारहून परवाच आलेला तमीम लाजत म्हणाला. लहानपणी त्यांच्याच हातचा मार खाल्लेला. "तुमची वाट बघितली, मग उभा रायलो. आता हितंच हाय मी, परत नाय जायचा."

"मस्त पढवली पोरानं," कोणीतरी जाता जाता म्हणालं. उशीर का झाला, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

मौलवींनी मागच्या भिंतीशी एकट्याने नमाज अदा केली. मग बाहेर येऊन जगनशेठला फोन लावला.

"थांबवा. पहिलाच शेवट घ्या."

"आता? मशीन सुरू झाली की हो मौलवीसाब! झकास झालाय शेवट, उगाच जिवाला लावून घेऊ नका."

दुपारी सफाची लेक इकरा जवळच्या वरसे गावातून आली. नव्या पुस्तकातली गोष्ट तिने आधीच ऐकलेली; आल्या आल्या मांडीवर चढली. "नाना, चिंबू दर्यात गेला?"

"परत आला गो. बिळात."

पोरगी विचारात पडली. "पन त्यानं कवच टाकलंय ना? मोठा झालाय ना तो? मग जुन्या बिळात मावला कसा?"

लाल रंगावरून निकेशला बोल लावणाऱ्या माणसाने स्वतः काय करून ठेवलं होतं! तेवढ्यात तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची, असरची, बांग झाली. त्यांनी इकराला खाली उतरवलं.

"मावतो गो," ते म्हणाले. "अंग चोरून बसायचं. सवय होते."

मशिदीत तमीम पहिल्या रांगेत होता. मौलवींना पाहताच तो अदबीने बाजूला सरला, आणि सगळ्या जमातीने त्यांना वाट करून दिली. क्षणभर मौलवी दारातच थबकले.

मग ते पुढे गेले, खांदे आवळले आणि आपल्या जागेवर उभे राहिले.